व्यसन, विषण्णता आणि घरातले मूल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे एकत्र येतो, त्यांच्या पिढीचे शिक्षक हजेरीपटावरच्या प्रत्येक नावामागे एक घर पाहत असत. मूल चार दिवस आले नाही तर संध्याकाळी सायकल काढून त्याच्या दाराशी जाणे, हा त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता. तो त्यांचा स्वभाव होता. आजचा विषय निवडताना त्या स्वभावाचेच स्मरण माझ्या मनात होते.

मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक व्यसनावर आणि मनोविकारावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो रास्त आहे. माझी पीएच.डी. वाङ्मयातली, वैद्यकातली नव्हे. पण या विषयाकडे मी वाङ्मयाच्याच वाटेने आलो, आणि ती वाट सुरतेहून फार दूर जात नाही.

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी आपल्या शेजारच्या नवसारीचा. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, २३ जानेवारी १९१९ रोजी, ते विदर्भातील सावनेर येथे वारले. त्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी पुढे दोन पिढ्या सांगत राहिल्या. हे नाटक मी अनेक वर्षे वर्गात शिकवले. सिंधूचे पातिव्रत्य, सुधाकराचा अधःपात, तळीरामाचा विनोद हे परीक्षेचे ठरलेले प्रश्न. त्यांची ठरलेली उत्तरे मी फळ्यावर लिहून देत असे.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, ते बाळ वाचलं असतं तर पुढे त्याचं काय झालं असतं?” वर्ग हसला. “हा प्रश्न नाटकाबाहेरचा आहे,” असे सांगून मी त्याला बसवले आणि पुढच्या प्रवेशाकडे वळलो.

तो मुलगा त्याच वर्षी शिक्षण सोडून गेला. पुष्कळ वर्षांनी उधन्याच्या रस्त्यावर त्याने मला ओळखले, हात धरून चहाला नेले आणि मग सांगितले. वडील मागावर कामाला होते. रात्रपाळी सुटली की पिऊन घरी येत. आईने पुढे बोलणेच सोडले. भिंतीकडे तोंड करून पडून राही. दोन धाकट्या बहिणींचे जेवणखाण, वेणीफणी, शाळा हे सारे त्याने केले. मी विचारले, “तू मला तेव्हा का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, ते ठाऊक नाही, सर. पण विचारलं नाही कुणी.”

माझ्या अध्यापनातील ही चूक मी आज आपल्यासमोर मांडतो आहे, ती पश्चात्तापाच्या प्रदर्शनासाठी नव्हे. त्या मुलाचा प्रश्न नाटकाबाहेरचा नव्हता. तोच नाटकाच्या गाभ्याचा प्रश्न होता. व्यसनाच्या कथेत आपण पिणाऱ्याकडे पाहतो, फार तर त्याच्या पत्नीकडे पाहतो. पाळण्यातले मूल नाटकात बोलत नाही, आणि घरातही बोलत नाही. ते वाचले तर पुढे काय होते, या प्रश्नावर जगभरच्या संशोधकांनी गेल्या पन्नास वर्षांत बरेच काम केले आहे. त्याचा सारांश मला उमगला तसा आपणांस सांगतो.

आधी दुःख की आधी दारू?

प्रथम व्यसन आणि विषण्णता यांचे नाते पाहू. येथे विषण्णता म्हणजे चार दिवसांची खिन्नता नव्हे. आठवडेच्या आठवडे मन उठत नाही, झोप व भूक उडते, कशातही रस वाटत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहते, प्रसंगी जगणेच नको होते, असा तो आजार आहे.

गडकऱ्यांनी सुधाकराच्या हाती पहिला प्याला केव्हा दिला, ते आठवून पाहा. तो चैनीच्या क्षणी आलेला नाही. सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील. न्यायालयातील एका प्रसंगामुळे त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. अपमानाने तो जळत असतो, झोप नाहीशी होते, आणि अशा वेळी तळीराम त्याला ‘औषध’ सुचवतो. मनाच्या वेदनेवर उतारा म्हणून आलेली दारू वेदनेपेक्षा मोठी कशी होते, याचे हे नेमके निदान आहे. ते एका नाटककाराने केले आहे.

पण शास्त्राने या चित्राची दुसरी बाजूही दाखवली. मद्य मेंदूचे व्यापार मंदावते. घटकाभर काळजी विसरल्यासारखी वाटते. अंमल उतरला की तीच काळजी दुपटीने परत येते, झोप मोडते, हातपाय कापतात, आणि ते थांबवण्यासाठी पुन्हा प्यावे लागते. अमेरिकेत सॅन्ड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी १९८८ साली मद्यासक्त पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाखल होताना त्यांच्यापैकी ४२ टक्के रुग्णांत विषण्णतेची लक्षणे तीव्र होती. चार आठवडे मद्याविना गेल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणजे अनेकांच्या बाबतीत विषण्णता हे दारूचे कारण नसून दारूचे फळ होते. मात्र ज्या थोड्यांची लक्षणे दारू सुटल्यावरही राहिली, त्यांना विषण्णतेचा स्वतंत्र उपचार हवा होता. तो न मिळाल्यास ते पुन्हा प्याल्याकडे वळण्याचा धोका मोठा असतो.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. “आधी दारू सोड, मग तुझ्या दुःखाचे पाहू” हे सांगणे अपुरे आहे आणि “त्याला दुःख आहे म्हणून पितो, पिऊ दे” हेही चूक आहे. दोन्ही आजारांकडे एकत्र पाहिले पाहिजे.

रक्तातून किती, घरातून किती?

आता मुलाकडे वळू. “बापासारखाच होणार” हे वाक्य आपल्या समाजात किती सहज उच्चारले जाते! त्यात तथ्य किती आहे?

डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधील दत्तक पुत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यासक्त आईबापांच्या पोटी जन्मलेले, पण जन्मानंतर काही आठवड्यांतच परक्या घरी वाढलेले ५५ पुरुष त्यांनी निवडले आणि अशी पार्श्वभूमी नसलेल्या ७८ दत्तक पुरुषांशी त्यांची तुलना केली. पहिल्या गटात मद्यासक्तीचे प्रमाण सुमारे चौपट निघाले. रक्ताचा वाटा आहे, हे यावरून दिसते. पुढील अभ्यासांनी तो साधारण निम्मा ठरवला आहे. परंतु हाच अभ्यास उलट्या बाजूने वाचा. त्या पंचावन्नांपैकी दहाजण मद्यासक्त झाले. पंचेचाळीसजण झाले नाहीत. वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. भोवताली मधुमेह असलेल्या घरातील मुलाने जशी थोडी अधिक काळजी घ्यायची असते, तशीच ही काळजी आहे.

उरलेला निम्मा वाटा घराचा आणि परिस्थितीचा. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंदा यांनी कॅलिफोर्नियातील साडेनऊ हजार प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले आणि तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेली व्यक्ती असे सात प्रकारचे अनुभव त्यांनी मोजले. ज्यांनी यांपैकी चार किंवा अधिक प्रकार भोगले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, मादक पदार्थांचे सेवन, विषण्णता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पटींनी अधिक आढळला. हे अनुभव एकेकटे येत नाहीत, एकमेकांचा हात धरून येतात, हेही त्यांना दिसले. दारू ज्या दाराने आत येते, त्याच दाराने भांडण, मार आणि कर्ज येते.

असे मूल वर्गात कसे दिसते? ते नेहमी दंगाच करते असे नाही. कधी ते अतिशय शहाणे, समजूतदार, वयाआधी प्रौढ झालेले असते. कारण घरी आई किंवा बाप तेच झालेले असते. कधी ते पेंगते, कारण रात्री दाराच्या आवाजाकडे कान लावून जागे असते. मित्रांना ते घरी बोलावत नाही. आज बाप लाड करील की मारील याचा नेम नसल्यामुळे समोरच्याचा चेहरा वाचण्यात त्याची सारी बुद्धी खर्च होते, आणि आपण प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहितो.

गुजरातेतील दुहेरी मौन

येथे आपल्या शहराविषयी एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९६० साली गुजरात वेगळे झाल्यापासून ही बंदी येथे चालू आहे. तिचा हेतू उदात्त आहे आणि अनेक गृहिणींचा तिला मनापासून पाठिंबा आहे. पण दमणची वाट कोणाला ठाऊक नाही? आणि विषारी दारूने २००९ साली अहमदाबादेत शंभराहून अधिक माणसे गेली, २०२२ साली बोटाद परिसरात पुन्हा चाळिसांहून अधिक गेली, हे आपण वाचले आहे.

मी बंदीच्या बाजूने वा विरुद्ध बोलत नाही. मी मुलाविषयी बोलतो आहे. इतर राज्यांत पिणाऱ्याच्या मुलाला लाज असते. येथे लाजेच्या जोडीला भीतीही असते. कारण बापाचे व्यसन हा गुन्हाही आहे. बाईंना सांगितले तर पोलीस बाबांना नेतील, या भीतीने सात वर्षांचे मूल तोंड मिटून बसते. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. आजी-आजोबा, काका-मामा गावी राहिले. येथे एका खोलीत आईबाप आणि मुले. गावी असते तर ज्या आजीच्या कुशीत ते मूल पळाले असते, ती आजी तीनशे कोसांवर असल्यासारखी दूर आहे. मग उरते ती शाळा.

सिंधूने मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ दिला नाही, म्हणून आपण तिला शंभर वर्षे वंदन केले. तिचे प्रेम मी लहान लेखत नाही. पण घरातली गोष्ट घरातच ठेवायची ही शिकवण आपण त्या वंदनातून मुलांनाही देत आलो, आणि तिची किंमत मुलांनी मोजली, असे मला आता वाटते.

वाट कोठे आहे?

आता आशेची बाजू सांगतो, कारण तीही संशोधनानेच दिली आहे.

पहिली गोष्ट. आईबापांचा उपचार हा मुलाचाही उपचार असतो. मर्ना वाइसमन यांनी २००६ साली अमेरिकेतील विषण्ण माता आणि त्यांची सात ते सतरा वर्षांची मुले अशा १५१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या औषधोपचाराने ज्या माता बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतील मनोविकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले; ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढले. औषध आईने घेतले आणि गुण मुलालाही आला. म्हणून “मुलांच्या शिक्षणाचे आधी, माझे नंतर” असे म्हणणाऱ्या प्रत्येक माउलीला हे आवर्जून सांगावे.

दुसरी गोष्ट. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांतील ४९ मुलांच्या घरी मद्यासक्ती होती. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांपैकी ४१ टक्के मुले गंभीर अडचणीत सापडली. ५९ टक्के मात्र नीट उभी राहिली. उभ्या राहिलेल्यांना बालवयात कोणा ना कोणाची माया भरपूर मिळाली होती. अडचणीतून वर आलेल्या त्या बेटावरील इतर मुलांच्या कहाण्यांतही आजी, शेजारी किंवा शिक्षक असे एखादे स्थिर माणूस पुन्हा पुन्हा भेटते.

तिसरी गोष्ट मला विशेष भावली. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी १९८० साली मद्यासक्ती असलेल्या २५ कुटुंबांच्या रीतिभातींचा अभ्यास मांडला. ज्या घरांनी दारूला रोजचे एकत्र जेवण, सणवार आणि सुट्ट्या यांत शिरकाव करू दिला नाही, त्या घरांतून व्यसन पुढच्या पिढीत कमी गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर, बापाची अवस्था काहीही असो, गणपती त्याच दिवशी बसला, दिवाळीचे अभ्यंगस्नान झाले, रात्रीचे ताट सर्वांनी मिळून वाढून घेतले, तर मुलाच्या मनात घर नावाची वस्तू शिल्लक राहते. ज्या आयांनी हे कोणताही अभ्यास न वाचता केले, त्यांना माझा नमस्कार.

चौथी गोष्ट उपचारांची. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला पापी न मानता रुग्ण मानले गेले आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. रुग्ण एक नसून सारे घर आहे, हे मराठी समाजाला त्या कामाने शिकवले. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन चाचण्या केल्या; २०१७ साली त्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या गेल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. विषण्णतेच्या ४९५ रुग्णांपैकी ज्यांना हे समुपदेशन मिळाले, त्यांच्यातील ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांत हेच आकडे ३६ आणि २६ टक्के होते. दारूच्या बाबतीत यश थोडके आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण ते चार भेटींच्या संभाषणाने मिळालेले आहे.

आणि तरीही २०१९ सालच्या राष्ट्रीय अहवालानुसार आपल्या देशात मद्यासक्त असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस घरांत मुले आहेत.

शाळेने काय करावे?

शिक्षकांनी वैद्य व्हावे असे मी म्हणत नाही. पोलीस तर मुळीच होऊ नये. मुलाला सर्वांदेखत उभे करून घरचे विचारू नये. एकांतात, सहज, “घरी सगळं बरं आहे ना? नसलं तरी मला सांगितलंस तर चालेल” एवढे म्हणावे आणि उत्तराची घाई करू नये. त्याने सांगितले तर तीन गोष्टी त्याला ऐकवाव्यात. बाबा पितात ते तुझ्यामुळे नाही. त्यांना थांबवणे हे तुझे काम नाही. आणि हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. मात्र मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचे दिसले, तर ती गोष्ट आपल्यापाशी न ठेवता मदत मागितलीच पाहिजे.

लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. ते प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर, मराठीत, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लिहावेत, ही माझी मुख्याध्यापकांना विनंती. माजी विद्यार्थ्यांना वेगळी विनंती आहे. आपण देणग्या देता, ते चांगलेच आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकाने एका मुलासाठी आठवड्यातून एक तास द्यावा. शिकवणीच हवी असे नाही. नेमाने येणारे एक माणूस, एवढेच त्याला हवे असते.

आणि एक शेवटचे. मी ज्याच्याविषयी बोललो तो माझा विद्यार्थी आज पित नाही. त्याच्या दोन्ही बहिणी संसारात सुखी आहेत. परंतु तो मला म्हणाला, “सर, मला अजूनही दारावर कुणी जोरात थाप मारली की घाम फुटतो.” नाटकातले बाळ वाचले असते तर त्याचे काय झाले असते, या त्याच्याच प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच्या आयुष्याने दिले आहे. ते वाचले असते, उभेही राहिले असते. पण थाप ऐकून दचकत राहिले असते. ते दचकणे कमी करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. वेळेवर विचारावे लागते.

मी वेळेवर विचारले नाही. आपण विचाराल, या विश्वासाने आपला निरोप घेतो. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.